देवडीवरचा माणूस

गड चढून झाला की लोक बालेकिल्ल्याकडे धावतात. सदर, राजवाडा, टाकी, तोफ, कडा अशी त्यांची यादी तयार असते. मी मात्र महादरवाजातून आत शिरतो आणि तिथेच देवडीच्या ओट्यावर बैठक मारतो. सोबतच्यांना वाटतं, याला दम लागला. दम लागलेला असतोच, नाही म्हणत नाही. पण अख्ख्या गडावर ऐन दुपारी गार राहणारी हक्काची जागा हीच, हे एकदा कळलं की माणूस पुढच्या इतिहासाबद्दल जरा उदासीन होतो. डोक्यावर कमान, दोन्ही अंगांना दगडी ओटे, पाठीशी पणतीचे कोनाडे, समोर दरीतून वर येणारा वारा. ओट्याची कड बसून बसून गुळगुळीत झालेली. महाराजांच्या सिंहासनाच्या जागी आपल्याला बसता येत नाही, येऊही नये. देवडीवर मात्र कुणीही बसावं. ती जागा आपल्यासारख्यांसाठीच होती.

गडावरचा गाइड सदर कुठे होती, खलबतखाना कुठे होता, राणीवसा कुठे होता हे सगळं घडाघडा सांगतो. इथे कोण बसायचं, असं विचारलं की तो ‘पहारेकरी’ एवढं म्हणून पुढे निघतो. त्या एका शब्दात शेकडो वर्षांचे हजारो लोक गुंडाळले जातात. त्यांनी रात्र रात्र काय केलं असेल? पहारा केला असेल हे मान्य. पण शत्रू काही रोज येत नाही. वर्षानुवर्षं येत नाही. तेवढ्या वेळात माणसं तंबाखू मळणार, भाकरी सोडणार, हवालदाराच्या नावाने बोटं मोडणार, कुणाच्या लेकीचं कुठे जमलं ते बोलणार. राजकारण सदरेवर होत असेल. पण त्याची बातमी आधी देवडीला कळत असणार. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तिथूनच जायचा ना!

आपल्याकडच्या दरवाजांची रचना पाहिली तर बांधणाऱ्यांच्या बुद्धीला दाद द्यावी लागते. सरळ समोरून दिसेल असा दरवाजा करायचाच नाही. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे पुढे काढायचे, वाट त्यांच्यामधून वळवायची आणि दार त्या वळणाआड दडवायचं. रायगडाचा महादरवाजा असा आहे. अगदी पायाशी जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा दोन्ही बुरुजांच्या जंग्यांतून तुमच्यावर नेम धरलेला असतो. १६६४ मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाची तर गंमतच आहे. होडी तटाजवळ येते तरी दार कुठे आहे ते समजत नाही. तटाच्या घडीत शिरावं तेव्हा ते सापडतं. वळणाचा आणखी एक फायदा म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा मिळत नाही. कागदावर आठ ओळींत मावणारी ही युक्ती दगडात उतरवायला किती घाम गाळावा लागला असेल!

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात या बाबतीत एक फार शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, असं ते म्हणतात. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्याही करून ठेवाव्यात. रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच वापरात ठेवाव्यात आणि बाकीच्या चिणून टाकाव्यात. म्हणजे पळवाट हवी, पण ती रोज डोळ्यांसमोर नको. मला हा सल्ला लष्करापेक्षा संसाराला जास्त लागू पडतो असं वाटतं, पण तो विषय वेगळा.

एवढी अक्कल खर्चून बांधलेल्या दरवाजातून शत्रूने यावं की नाही? अपमानच म्हणायचा तो दरवाजाचा. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो कडा चढून. (घोरपडीची गोष्ट खरी की खोटी यावर वाद घालायला पुण्यात माणसं कमी पडत नाहीत, त्यामुळे मी त्यात पडत नाही.) कल्याण दरवाजा उघडला तो नंतर, आणि तोही आतून. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंड्याला आठ महिने वेढा घातला. तोफा झाल्या, सुरुंग झाले, पावसाने छावणीची दैना झाली. शेवटी किल्ला पडला तो अब्दुल्ला खान पन्नी नावाच्या सरदाराने पैसे घेऊन रात्री एक खिडकीदरवाजा उघडून दिला म्हणून. याच किल्ल्याच्या फत्ते दरवाजाखाली टाळी वाजवली की आवाज थेट वर बालाहिसारपर्यंत जातो. पर्यटक आजही तिथे हौसेने टाळ्या पिटतात. इशारा पोचवण्याची एवढी नामी सोय होती. पण आतल्याच माणसाने कडी काढली तर टाळी कोण वाजवणार?

रायगडाच्या हिरकणीची कथा तर उलट्या दिशेची. गडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दिवस मावळल्यावर बंद झालेले दरवाजे आणि घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी दार उघडायला नकार दिला आणि ती बाई काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं, त्या जागी बुरूज बांधला, असं कथा सांगते. हिरकणीला साडीचोळी मिळाली, बुरुजाला तिचं नाव मिळालं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या पहारेकऱ्याचा फार राग यायचा. आता वाटतं, त्याचं काय चुकलं? ‘तोफ झाल्यावर दार उघडायचं नाही’ हा हुकूम त्याने पाळला. उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच उलटतपासणी झाली असती. त्याने नियम पाळला म्हणून कड्याची कच्ची बाजू उघडकीला आली. पण कथेत त्याला नाव नाही, शाबासकी नाही, शिक्षाही नाही. देवडीवरच्या माणसाच्या वाट्याला इतिहासात बहुधा एवढंच येतं.

शनिवारवाड्याकडे येतो, कारण दरवाजाची थट्टा काळाने तिथे जशी केली तशी दुसरीकडे क्वचितच. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला गेला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. तटाला पाच दरवाजे. त्यात उत्तरेकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा सर्वांत मोठा. दिल्लीकडे तोंड करून दरवाजा उभारणं बरं नव्हे, असं शाहू महाराजांचं मत पडलं आणि म्हणून ते काम त्यांच्या हयातीनंतर पुरं झालं, असं सांगतात. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. एकेक खिळा वीतभराहून मोठा. मोठ्या दाराच्या पोटात माणूस वाकूनच आत शिरेल अशी लहान दिंडी. ओणवं होऊन मान आधी आत घालायची, म्हणजे पहारेकऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं. आत शिरल्यावर सरळ चौकात जाता येत नाही, पुन्हा वळणं. वर नगारखाना. थोडक्यात, बंदोबस्त म्हणजे कसा, तर असा!

आणि झालं काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो बाहेरून आलेल्या शत्रूच्या हातून नव्हे. वाड्याच्या चाकरीतल्या गारद्यांच्या हातून झाला. पगार थकला म्हणून कुरबुर करत आलेली, रोजची, ओळखीची माणसं. त्या बिचाऱ्या तरुण पेशव्याचा देह ज्या दाराने बाहेर नेला त्याला नारायण दरवाजा म्हणू लागले. पुढे १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. त्या दिवशीही दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांना एकाही हत्तीने कपाळ लावलं नाही. खिळे आजही तसेच तीक्ष्ण आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून सहलीला आलेली मुलं फोटो काढतात, आणि बाई ओरडतात, ‘हात लावू नका रे, टोचेल!’ गेल्या अडीचशे वर्षांत त्या खिळ्यांनी केलेलं संरक्षण ते एवढंच.

पण खरी थट्टा पुढेच आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली. सात मजले म्हणून ज्याची ख्याती होती तो महाल, दिवाणखाने, नक्षीचे खांब, कारंजी असलेले चौक, सगळं लाकूडकाम जळून गेलं. उरलं काय? तट, बुरूज आणि दरवाजे. दिल्ली दरवाजा आणि त्याच्यावरचा नगारखानाही उभा राहिला. आज शनिवारवाडा म्हणून जे चित्र पोस्टकार्डावर, बसवर, मिठाईच्या खोक्यावर असतं ते वाड्याचं नाहीच, ते वाड्याच्या देवडीचं आहे. आत जोती, हिरवळ आणि बाकावर बसलेली जोडपी. ज्याचं रक्षण करायचं ते गेलं आणि रक्षण करणारं तेवढं मागे राहिलं. मस्तानीच्या नावाचा दरवाजाही तिथेच आहे. दप्तरात त्याचं नाव अलीबहादूर दरवाजा. लोकांनी दप्तर कधी वाचलंच नाही, त्यांनी मस्तानीचं नाव चालू ठेवलं. दरवाजांची नावं ठेवण्याचा अधिकार शेवटी ये-जा करणाऱ्यांचा असतो.

शत्रू येत नव्हता त्या दिवसांत दरवाजे काय काय कामं करत होते हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. पहिलं काम वेळ सांगायचं. नगारखान्यात प्रहरा-प्रहराला चौघडा झडायचा आणि गाव त्यावर उठायचं, निजायचं. सनई-चौघड्याला दारावरचा मजला मिळाला यामागे व्यवहार आहे: उंचावरून आवाज लांब जातो, आणि वाजवणारे आतल्या खासगी मंडळींपासून दूर राहतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या महाद्वारावर नगारखाना आहे, जुन्या राजवाड्यालाही आहे. आता तोच नगारखाना मंगल कार्यालयाच्या दाराशी थर्माकोलचा होऊन आला आहे. सनई पेनड्राइव्हमधून वाजते. नवरी मुलगी उंबऱ्यावर आली की कुणीतरी चुकून बटण दाबतो आणि भूप संपायच्या आतच ‘सैराट’ सुरू होतं.

दुसरं काम पैसे गोळा करायचं. हे काम दरवाजांनी जितकं निष्ठेने केलं तितकं संरक्षणाचंही केलं नाही. माल वेशीतून येणार म्हणजे जकात वेशीवरच बसणार. पुढे तट पडले, वेशी पडल्या, जकात मात्र उभी राहिली आणि वेशीच्या जागी नाके आले. मुंबईत मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी इथे ट्रकांच्या रांगा लागायच्या. चालक खाली उतरून चहा पीत, स्टोव्हवर भात शिजवत, एकमेकांना घरच्या गोष्टी सांगत. देवडीचंच वातावरण, फक्त डिझेलचा वास जास्त. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. टोलनाके राहिले होते, त्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. लोकांचा पत्ता सांगणं मात्र बदललेलं नाही. जिथे आता काहीच अडवत नाही तिथेही आपण ‘नाक्यावर थांब’ असंच म्हणतो.

तिसरं काम म्हणजे माणसं ठेवायची, कुणाला कैदेत, कुणाला बिऱ्हाडात. इंग्रजांच्या लंडनला जुन्या वेशी होत्या. त्यांतल्या न्यूगेटच्या खोल्यांत बाराव्या शतकापासून कैदी कोंडत. ऑल्डगेट नावाच्या दुसऱ्या वेशीवरची जागा मात्र १३७४ साली जेफ्री चॉसर या कवीला बिनभाड्याने मिळाली. इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष म्हणतात तो हा. तो दिवसा बंदरावर लोकरीच्या जकातीचा हिशेब तपासायचा आणि रात्री वेशीच्या डोक्यावर झोपायचा. दिवसरात्र नाक्यावरच म्हणा ना! करारात अट अशी होती की शहरावर संकट आलं तर संरक्षणासाठी जागा परत द्यायची. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि बंडखोरांचा लोंढा त्याच्या घराखालूनच शहरात शिरला. दरवाजा पुन्हा एकदा कामाला आला नाही. चॉसर त्यानंतरही काही वर्षं तिथेच राहिला. मुंबईत बिनभाड्याची जागा कुणी एका दंग्यामुळे सोडली असती का, याचा विचार करावा म्हणजे त्याचं मन समजेल.

आपल्या मुंबईलाही तट होता आणि तटाला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकात बार्टल फ्रियर या गव्हर्नराने तट पाडायला घेतला, कारण शहराला त्यात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. दरवाजे गेले, तरी रोज लाखो लोक चर्चगेटचं तिकीट काढतात आणि तिथे उतरून कुठलाही दरवाजा शोधत नाहीत. आणि जिथे अडवायला तट नव्हता, दाराला फळी नव्हती, तिथे सरकारने भलामोठा दरवाजा बांधला. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली आले तेव्हा गेटवे ऑफ इंडिया उभा नव्हता. पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहून ते पुढे गेले. इमारत खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. येणाऱ्यांच्या स्वागताला बांधलेल्या दरवाजाची सगळ्यांत मोठी कामगिरी जाणाऱ्यांना वाट करून देण्याची. माझ्या मते भारतातला सर्वांत यशस्वी दरवाजा तोच.

छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आहे. शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. तटाचा बराच भाग गेला आणि दरवाजे रहदारीत एकेकटे उभे राहिले. रिक्षा काही दरवाजांच्या कमानीतून जातात, काहींना वळसा घालतात. तट नसलेला दरवाजा फार केविलवाणा दिसतो. ‘इथूनच जा’ असा त्याचा आग्रह असतो आणि बाजूने सगळं मैदान मोकळं असतं. निवृत्त मुख्याध्यापक लग्नसमारंभात रांगेला शिस्त लावू पाहतात, त्याची आठवण होते.

आता वेशीकडे आलं पाहिजे. किल्ल्यांचे दरवाजे भव्य असले तरी मराठी माणसाचं आयुष्य गेलं ते गावच्या वेशीत. गावकुसाला वेस, वेशीत मारुती, आणि वेशीवर वेसकर. तिन्हीसांजेला दार लावायचं, पहाटे उघडायचं, परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत सोबत करायची, सारा खजिन्यात पोचवायचा, शिवेचा तंटा झाला तर ‘शीव इथून जाते’ अशी साक्ष द्यायची. गावाची मालमत्ता त्याच्या विश्वासावर आणि गावाची हद्द त्याच्या स्मरणशक्तीवर. ही सगळी जबाबदारी महार वतनदाराची. आणि एवढं करून वेशीचं दार लावल्यावर तो स्वतः कुठे झोपायला जायचा? गावकुसाबाहेर. ज्याने गावाला आत ठेवलं त्याला गावाने बाहेर ठेवलं. मोबदल्यात वतनाची जमीन, बलुत्यातला वाटा आणि दारोदार मागून मिळणारी शिळी भाकरी. हे वतन नसून गुलामीचा करार आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखलं आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. कायद्याने ती वतनं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. थट्टेचा सूर धरून लिहिणाऱ्याची लेखणी इथे अडखळते, आणि अडखळावीच.

गावकूस हा शब्द आला की संत चोखोबांशिवाय पुढे जाता येत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली सापडून चोखोबा गेले. साल १३३८. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर मिळालं नसतं, तीच भिंत बांधताना. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि समाधी बांधली ती विठ्ठलाच्या महाद्वारासमोर. शेजारीच नामदेवांची पायरी. म्हणजे दोघा थोर भक्तांनी देवळात सगळ्यांत जवळची जागा निवडली ती दाराची. एकाने हौसेने, आत जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. दुसऱ्याला आत सोडलंच नाही म्हणून. त्या महाद्वारातून सर्वांना जाऊ द्यावं यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं एक दरवाजा इतका चोख बंद राहिला. किल्ल्यांच्या कुठल्याही दरवाजाला एवढं जमलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या सोसायटीचं गेट. तिथे जी सव्वा मीटर बाय सव्वा मीटरची केबिन आहे, ती म्हणजे आजची देवडी. फरक एवढाच की जुन्या बांधकामात ओटा माणसाच्या पाठीच्या मापाचा असे आणि वारा येईल अशी जागा निवडत. केबिन पत्र्याची आहे. उन्हाळ्यात तिच्यात पापड वाळतील. त्यात एक प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय दुसऱ्या खुर्चीचा. इंटरकॉम, एक वही, दोरीने बांधलेलं पेन. वहीत नाव, फ्लॅट नंबर, वेळ, मोबाइल आणि ‘येण्याचे कारण’ असे रकाने. कारणाच्या रकान्यात शंभरातले नव्वद जण ‘पर्सनल’ लिहितात. ही वही कुणी कधी वाचल्याचं ऐकिवात नाही. दहा वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती पडली तर तो लिहील की या काळात माणसं एकमेकांकडे केवळ खासगी कामासाठी जात.

या देवडीचे नियम जुनेच आहेत. गावाहून आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन आलेल्या मामांना थांबवलं जातं. ‘कुणाकडे?’ ‘भाच्याकडे.’ ‘नाव?’ ‘अहो बाळू!’ ‘फ्लॅट नंबर?’ इथे मामा गडबडतात, कारण मामांच्या लेखी बाळू हा बाळू असतो, सातशे दोन नसतो. बारा मिनिटांत सामान पोचवायचं म्हणून धापा टाकत आलेला पोरगा ॲपवर होकार येईपर्यंत एका पायावर उभा असतो. आणि काचा वर केलेली मोठी गाडी हॉर्न वाजवत आली की गेट आपोआप उघडतं आणि वर सलामही मिळतो. चोरांनी हे केव्हाच ओळखलं असणार. पूर्वी हत्तीला अडवायचे आणि माणसाला दिंडीतून आत घ्यायचे. आता हत्ती सरळ आत जातो.

आमच्या गेटवरचे काका मराठवाड्यातले. गावाकडे चार एकर कोरडवाहू आहे, असं ते सांगतात. बारा तासांची ड्यूटी. बदली आला नाही तर चोवीस. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा खास कायदा आहे, त्यांचं मंडळही आहे, पण आमचे काका ज्या एजन्सीकडून येतात तिला बहुधा हे कुणी सांगितलेलं नसावं. कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाच्या घरी बोलणं बंद आहे, कुणाचं पार्सल परत गेलं, कुणाकडे रुग्णवाहिका किती वाजता आली, हे सगळं काकांना ठाऊक असतं. सदरेच्या आधी देवडीला कळतं ते असं. त्यांना लिफ्टने वर जाऊन कुणाच्या घरात बसताना मात्र मी पाहिलेलं नाही. स्वच्छतागृहासाठी ते चौकातल्या पेट्रोल पंपावर जातात, आणि तेवढ्या पाच मिनिटांत कुणी आलं तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘वॉचमन जागेवर नाही’ असा फोटोसह संदेश येतो.

यंदाच्या वार्षिक सभेत प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाचा विषय होता. ग्रॅनाइटची कमान, तिच्यावर सोनेरी अक्षरं, दोन्ही बाजूंना सिंह. सिंहांचं तोंड रस्त्याकडे असावं की इमारतीकडे यावर पाऊण तास चर्चा झाली. जंजिऱ्याच्या दरवाजावर एक वाघासारखा प्राणी कोरला आहे, त्याने पंजांत हत्ती दाबलेत आणि शेपटीतही एक पकडला आहे. मी तसं काहीतरी सुचवलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. अंदाजपत्रक मंजूर झालं. केबिनमध्ये पंखा बसवावा, पाठ असलेली खुर्ची आणावी आणि तळमजल्यावरचं कुलूपबंद स्वच्छतागृह काकांना उघडून द्यावं, हे विषय वेळेअभावी पुढे ढकलले गेले.

तेव्हा विनंती अशी. तुमच्याही सोसायटीची सभा लवकरच असेल. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक चोरदिंडी ठेवलेली असते, आणि ती अजून चिणलेली नाही. तिच्यातून हा पंख्याचा ठराव तुम्ही आत न्या. अनुमोदनाला माणूस कमी पडला तर मी येतो. फक्त गेटवर माझं नाव सांगून ठेवा.